मदत हवी आहे: 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'ची एक जुनी संक्षिप्त आवृत्ती

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मूळ कादंबरी कुठे मिळेल हे विचारत नाहीये. द्युमाचं ते ११७ प्रकरणांचं धूड माझ्याकडे आहे, रॉबिन बसने केलेलं १९९६ चं पूर्ण इंग्रजी भाषांतर. दोनदा वाचून झालंय. मला हवी आहे ती मामाने दिलेली, त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली संक्षिप्त प्रत, तीही इंग्रजीच. घर बदलताना रद्दीत गेली. ते पाप माझंच.

माझ्याकडे आली तेव्हाच तिला मुखपृष्ठ नव्हतं आणि सुरुवातीची पानं गळालेली. त्यामुळे प्रकाशक, साल, संक्षेप करणारा, कशाचाच पत्ता नाही. खिशात मावणारा आकार, कडेला हात लावला की तुकडा पडेल असा पिवळा कागद, चारशेच्या आसपास पानं. चित्रं नव्हती. शेवटी शब्दार्थ-प्रश्नही नव्हते, म्हणजे मुलांसाठी 'सोपी करून सांगितलेली' नव्हे.

शॅतो दिफचा तुरुंग त्यात जवळजवळ अख्खा होता. ३४ नंबरचा कैदी म्हणजे नायक दांतेस, २७ नंबरचा म्हणजे त्याचा गुरू फारिया, माशाच्या डोक्यातल्या कूर्चेची लेखणी, काजळी रविवारच्या वाइनमध्ये कालवून केलेली शाई, लिहायला कागद नाही म्हणून सदरे. हे मी इतक्या वेळा वाचलं होतं की तिथेच पुस्तक आपोआप उघडायचं. रोमच्या कार्निव्हलचा मात्र पार चुराडा! दरोडेखोर वाम्पा तरुण आल्बेरला पळवतो, सुटका होते, की पान उलटताच पॅरिस. बँकरची मुलगी युजेनी केस कापून पुरुषवेषात पळते तो प्रसंग ठेवलेला होता, हे पक्कं आठवतंय.

माझा संशय बँटम प्रकाशनाच्या, लोवेल बेअरने संक्षेप केलेल्या आवृत्तीवर आहे. कुणाकडे तिची जुनी प्रत असेल तर रोमचा भाग आणि युजेनीचे केस एवढं बघून सांगाल का?

विकत घेऊन बघायचा प्रयोग दोनदा फसला. एकदा मुलांची सचित्र आवृत्ती आली, एकदा पूर्ण कादंबरीचा नुसता पहिला खंड. विक्रीच्या यादीत 'संक्षिप्त' हा शब्द बरेचदा नसतोच आणि फोटो भलत्याच प्रतीचा.

संपादन: प्रतिसादांबद्दल आभार. आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) विचारणाऱ्यांसाठी: तो १९७० च्या सुमारास आला, मामाचं कॉलेज त्याआधी संपलं होतं, म्हणजे या प्रतीवर तो नसणारच. आठवणारं वाक्य अवतरणात टाकून शोधा, असं दोघांनी सुचवलंय. करून पाहिलं. १८४६ चं निनावी इंग्रजी भाषांतर स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त असल्याने कितीतरी आवृत्त्या त्याच्यावरच बेतलेल्या, त्यामुळे वाक्य सापडतं पण ढीगभर ठिकाणी. खरी ओळख पटेल ती सांध्यावर, म्हणजे कापलेली दोन टोकं जोडायला संक्षेपकाराने पदरचं घातलेलं वाक्य. रोम ते पॅरिस जोडणारं तसं एक वाक्य होतं, शब्द मात्र आठवत नाहीत. म्हणून कुणी त्या पानाचा फोटो टाकला तर मी बघताक्षणी सांगेन. अनुक्रमणिकेचा टाकलात तरी चालेल.