उजनीतून 60 हजार, मग पंढरपुरात 90 हजार कसे?

चंद्रभागाकाठ: पावसाळ्यात ग्रुपवर रोज आकडे येतात: उजनी एवढा, वीर एवढा, दौंड, बंडगार्डन. समजा उजनीचा विसर्ग 60 हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) आहे, तर पंढरपुरात 90 हजार कसा दिसतो? इकडे तर पावसाचा टिपूसही नसतो. आणि दौंडच्या आकड्याचा आम्हाला काय उपयोग?

नीराखोरे: जादाचं पाणी नीरेचं. उजनी धरण भीमानगरला आहे आणि नीरा भीमेला मिळते ती त्याच्या खाली, नीरा-नरसिंहपूरला. म्हणजे नीरेचा थेंबही उजनीत जात नाही, तो सरळ तुमच्याकडे येतो. पंढरपूरचा हिशेब उजनी अधिक वीर (नीरेवरचं धरण) असाच धरायचा.

वीर लहान, साधारण साडेनऊ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्याच्या डोक्यावर भाटघर साडेतेवीस, नीरा देवघर पावणेबारा, शिवाय गुंजवणी. (भाटघर नीरेवर आहे असं सगळेच लिहितात. ते वेळवंडीवर आहे.) वरची तिन्ही भरली की वीरला साठवायला जागाच राहत नाही, येईल तेवढं खाली सोडावं लागतं. कऱ्हा वीरच्याही खाली, सोनगावजवळ नीरेत येते. पुरंदर-बारामतीत जोराचा पाऊस झाला तर ते पाणी वीरच्या आकड्यात दिसणारच नाही.

एक चूक टाळा. सकाळचा वीर आणि सकाळचा उजनी यांची बेरीज सकाळच्याच पंढरपूरशी जुळवू नका. दोन्हीकडून पाणी पोचायला वेळ लागतो आणि तो सारखा नसतो.

सांडवा: दौंडचं मी सांगतो. दौंड म्हणजे उजनीत येणारं पाणी. भामा, तुळापूरला इंद्रायणी, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा, मग वेळ, घोड, असं सगळं गोळा होऊन ते दौंडला मोजलं जातं. बंडगार्डन म्हणजे फक्त मुळा-मुठा, आणि खडकवासला म्हणजे त्यातली नुसती मुठा. त्यामुळे खडकवासला, बंडगार्डन, दौंड अशी बेरीज करू नका. एकच पाणी तीनदा मोजाल. मुळशी धरणाचं पाणी तर एरवी वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला जातं, मुळेत येतो तो सांडव्यावरून सोडलेला विसर्ग.

आता गणित. 11,574 क्युसेक सलग 24 तास वाहिलं की 1 टीएमसी. दौंडला दिवसभर 50 हजार राहिले तर 4.3 टीएमसी. उजनीची एकूण क्षमता 117, त्यातला 63.65 मृतसाठा, म्हणजे तळाचा, टक्केवारीत न धरला जाणारा साठा. रोजची टक्केवारी उरलेल्या साडेत्रेपन्नावर काढतात (म्हणून उन्हाळ्यात ती उणे होते), म्हणजे 1 टक्का साधारण 0.54 टीएमसी. तेव्हा 50 हजारांचा एक दिवस म्हणजे 8 टक्के वाढ. धरण 60 टक्क्यांवर असेल तर शंभरी गाठायला पाच दिवस लागतील, तोवर तुम्हाला उजनीचा घोर नाही. 95 च्या पुढे असेल तर दौंडचा आकडा थोड्याफार फरकानं उजनीच्या दारांतून बाहेर पडणार असं समजा.

चंद्रभागाकाठ: मग सीना आणि माण? त्या तर आमच्याच जिल्ह्यातून वाहतात.

नीराखोरे: दोन्ही तुमच्या खाली मिळतात. माण सरकोलीजवळ, सीना तर पार दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडलला. सीनेला पूर आला की माढा, मोहोळची गावं बघायची, पंढरपूरचा दगडी पूल नाही.

सांडवा: एक राहिलं. काही पत्रकांत विसर्ग क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर) असतो. त्याला 35.3 ने गुणलं की क्युसेक मिळतात. ‘1700 सोडले’ वाचून निवांत बसाल, तर ते 60 हजार क्युसेक निघतील.