पहिली-दुसरीतली मुलं वर्गात बोलतच नाहीत, अकरा वाजले की पोट दुखतं म्हणतात. दिवसाची घडी कशी बसवावी?

पायथा_शाळा:
शिरपूर तालुका, सातपुड्याच्या पायथ्याची जिल्हा परिषद शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. माझ्याकडे पहिली-दुसरी, पट ३४. निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, निम्मी पावरी (पावरा आदिवासींची बोली). मला अहिराणी समजते, पावरी नाही. पहिलीची बरीच मुलं दिवाळीपर्यंत तोंडच उघडत नाहीत. अकराच्या सुमारास चार-पाच जण डोकं खाली घालून बसतात, विचारलं तर पोट दुखतं म्हणतात. दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या आसपास परततात, तोवर मुलं अक्षरं विसरलेली असतात. पालकांचं म्हणणं एकच, गृहपाठ वाढवा आणि दोन रट्टे द्या. सुरुवात कुठून करू?

बोलीतून_वाचन:
ताई, भाषेपासून करा. पहिले सहा-आठ आठवडे अक्षरओळखीची घाई नको. रोज सकाळी २० मिनिटं फक्त बोलणं ठेवा. एक मोठं चित्र लावायचं, बाजाराचं किंवा कपाशीच्या शेताचं, आणि मुलं ज्या बोलीत बोलतील तेच ऐकायचं. एखादीने सांगितलेलं एक वाक्य तसंच देवनागरीत फळ्यावर लिहा आणि त्याखाली प्रमाण मराठीतलं. आपलं बोलणं फळ्यावर आलं की गप्प मूलही दुसऱ्या दिवशी काहीतरी सांगायला येतं. वरून विचारणा झाली तर सांगा, मौखिक भाषा हा निपुण भारत या केंद्राच्या अभियानातल्या पायाभूत साक्षरतेचाच घटक आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असंच म्हणतं.

इथे एक चूक नेहमी होते. प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि लगेच अहिराणीत सांगितलं, की मूल मराठी ऐकायचंच सोडून देतं, कारण त्याचा अर्थ मागून येणारच असतो. त्याऐवजी नवी गोष्ट किंवा गणिताची कल्पना पूर्णपणे घरच्या बोलीत समजू द्या. मग तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी मराठीत सांगा, चित्रं आणि हावभाव तेच ठेवून.

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. मूल 'डोया', 'शाया' लिहितं ते त्याने ऐकलंय तसंच. तिथे लाल फुली मारली की ते लिहिणंच थांबवतं. पहिलीत सोडून द्या. दुसरीत कानाने सुरुवात करा. तुम्ही 'काळा' आणि 'काया' म्हणा, मुलांनी वेगळं ऐकू आलं की टाळी द्यायची. टाळी चुकेनाशी झाली की उच्चार घ्या, लिहिणं सगळ्यांत शेवटी.

पावरीसाठी तिसरी-चौथीतली दोन पावरी बोलणारी मुलं रोज १५ मिनिटं वर्गात घ्या. त्याहून जास्त नको, नाहीतर त्यांचा अभ्यास बुडतो आणि ती दिवसभराची दुभाषी होतात. दीडशेक शब्द अंगणवाडी सेविका आणि आयांकडून लिहून घ्या. त्यात आधी दुखणं, भीती, शू, तहान, घरी जायचंय हे हवं. 'पोट दुखतंय' एवढं आपल्या बोलीत सांगता आलं आणि ते समजणारं कुणी वर्गात असलं, तर अर्धी भीती तिथेच जाते.

आरोग्य_फेरी:
पोटदुखीबद्दल. अकराच्या पोटदुखीत बहुतेक वेळा भूक असते. आईबाप पहाटेच शेतात गेलेले, मूल रात्रीच्या भाकरीवर आलेलं आणि खिचडी दीड वाजता. 'सकाळी कोण जेवलं नाही, हात वर करा' असं वर्गात कधीच विचारू नका. उपाशी मूल लाजेने हात खालीच ठेवतं. साडेअकराला दहा मिनिटांची सुट्टी सगळ्यांना द्या आणि मूठभर फुटाणे-गूळ लोकवर्गणीतून. एका मुलामागे २५ ग्रॅम फुटाणे धरले तर तुमच्या वर्गाला दिवसाला ८५० ग्रॅम लागतील.

पोषण आहाराचंही मोजून बघा. पहिली ते पाचवीला प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. ३४ मुलांना ३.४ किलो तांदूळ, ६८० ग्रॅम डाळ, १.७ किलो भाजी. कमी पडते ती डाळच. शिवाय मोठी मुलं आधी वाढून घेतात आणि पहिलीच्या ताटात नुसता भात येतो. लहानांना आधी बसवा. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची लोहाची गुलाबी गोळी आठवड्यातून एकदाच असते, ती जेवणानंतर द्या. रिकाम्या पोटी दिली की मळमळ होते आणि पुढच्या आठवड्यात मूल त्या दिवशी शाळेलाच येत नाही.

पाण्याची घंटा दिवसातून तीनदा, दर वेळी अर्धा-पाऊण पेला, सगळ्यांनी एकत्र. पण त्याआधी शौचालयाची कडी उघडी आहे का बघा. कुलूप असेल किंवा आत पाणी नसेल तर मुली पाणी प्यायचं टाळतात. मग लघवीची जळजळ, तीही 'पोटदुखी' म्हणूनच सांगितली जाते. मार्चनंतर पत्र्याची खोली दहा वाजताच तापते, तेव्हा शेवटचे तास निंबाखाली घ्या.

आणि हे कृपया गंभीरपणे घ्या. तुमच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हात-पाय, सांधे वारंवार दुखतात, डोळे पिवळट दिसतात, मूल लवकर थकतं, तर तो कामचुकारपणा समजू नका. पाणी द्या, सावलीत बसवा, उन्हात पळवू नका. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. निदान झालेल्या मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

स्तरगट:
ऊसतोडीची मुलं जायच्या आधी शिक्षण हमी कार्ड (मूल कुठवर शिकलंय याची नोंद) भरून पालकांच्या हातात द्या आणि आपल्याकडे त्याचा फोटो ठेवा. दाखला नाही म्हणून दुसरीकडची सरकारी शाळा प्रवेश थांबवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तेच सांगतं. पालकांना हे माहीत नसतं, म्हणून तिकडे विचारायलाच जात नाहीत.

परत आलेल्या मुलाला थेट पाठ्यपुस्तकाच्या चालू पानावर बसवू नका. एकेकट्याला तीन-चार मिनिटं वाचायला देऊन बघा: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट, यांपैकी कुठे अडतं. मग रोज एक तास चारही इयत्ता मिसळा आणि गट स्तराप्रमाणे करा. अक्षर-शब्दवाले तुमच्याकडे, वाक्य आणि त्यापुढचे दुसऱ्या सरांकडे. दर महिन्याला पुन्हा तपासून गट बदललाच पाहिजे. बदलला नाही की तो 'ढ' मुलांचा गट होतो, आणि ते मुलांना आपल्याआधी कळतं.

गणिताला चिंचोके आणि दहाचे गठ्ठे पुरतात. केळीच्या फण्या मोजून गुणाकार घ्या, ते मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

पायथा_शाळा:
खूप आभार. कडी आणि डाळ, दोन्ही उद्याच बघते. पण पालकांचं काय? ते म्हणतात, 'अहिराणी तं घरमा बोलसच, शायमा कसाले?'

बोलीतून_वाचन:
सभेत भाषण करू नका, ऐकवा. एका मुलाला चित्र दाखवून आधी घरच्या बोलीत बोलू द्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग तेच मराठीत. बोलीत दहा वाक्यं येतील, मराठीत दोन. हे आईबापांच्या कानांनी ऐकू द्या. डिसेंबरात तेच चित्र पुन्हा मराठीत घ्या आणि दोन्ही रेकॉर्डिंग पाठोपाठ लावा. मुलाच्या घरच्यांची परवानगी आधी घ्या, आणि ते व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नका.

रट्ट्यांबाबत स्पष्ट सांगायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारही बंद आहे आणि मानसिक छळही. कान धरून उभं करणं, चारचौघांत हसं करणं हेही त्यातच आलं. मार खाल्लेलं मूल चूक लपवायला शिकतं, आणि चूक दिसली नाही तर ते कुठे अडलंय हे आपल्याला कळणार कसं? गृहपाठाऐवजी रोज एक विचारून यायचं काम द्या. आजीकडून आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) एक गाणं किंवा कानबाई देवीच्या सणातल्या रोटांना काय काय लागतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या २० मिनिटांना तेच वापरा.

सभा मात्र दिवसा ठेवू नका. कपाशी वेचणीच्या दिवसांत रात्री आठच्या आधी कुणी सापडत नाही, आणि पावरी पाड्यावरची सभा पाड्यावरच घ्या.