मदत हवी आहे: दुपारी विद्युतवाहकतेचे आकडे फुगतात, कॅलिब्रेशन चुकले की तापमान-भरपाई बंद आहे?

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावात जलकुंभाकडे जाणाऱ्या नळीवर पीएच आणि विद्युतवाहकता मोजणारे सेन्सर बसवले आहेत, आणि त्यांची नोंदवही सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. विंधन विहिरीच्या त्याच पाण्याचा प्रयोगशाळेचा आकडा 25 अंशांना 1480 मायक्रोसीमेन्स असा आला असताना आमचे यंत्र पहाटे 1500 च्या आसपास, तर दुपारी तीन वाजता, उन्हात तापलेल्या काळ्या नळीतले पाणी 39 अंशांवर गेलेले असताना, 1880 दाखवते. दर अंशाला सुमारे 2 टक्के धरल्यास 14 अंशांची वाढ जवळपास एवढीच भरते, म्हणून मला तापमान-भरपाईचीच, म्हणजे यंत्राने आकडा आपोआप 25 अंशांवर आणून दाखवण्याच्या सोयीचीच, शंका आहे.

खात्रीसाठी पोटॅशियम क्लोराइडचे प्रमाण द्रावण, ज्याची वाहकता 25 अंशांना 1413 असते, दोन बाटल्यांत घेतले. एक उन्हात ठेवली, दुसरी रांजणाच्या बुडाशी ओल्या पोत्यात गुंडाळून 25 अंशांवर आणली. गार बाटलीत 1380 आले. सेन्सरच्या टोकांवर पांढरा क्षार धरला होता, तो पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून मऊ ब्रशने काढल्यावर 1405 झाले. तापलेल्या बाटलीत मात्र 38 अंशांना 1770 आले, आणि पडद्यावरचे तापमान तर अचूक होते.

भरपाईचा मेनू पासवर्डने बंद आहे. पुरवठादार सेन्सर पाठवून द्या म्हणतात. तोवर नोंदी कोणी घ्यायच्या, हे कोणी सांगत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारणे असे की, मागील दोन महिन्यांच्या नोंदी 2 टक्क्यांच्या हिशेबाने 25 अंशांवर आणल्या तर चालेल काय, की कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आमच्या जड पाण्याला पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाहून वेगळा गुणांक लागतो? आम्ही वाहकतेला 0.65 ने गुणून विरघळलेल्या क्षारांचे आकडे काढतो. ते दोन्ही वेळा भारतीय मानकाच्या 2000 मिलिग्रॅम प्रति लिटर या कमाल मर्यादेच्या आतच येतात, पण ग्रामसभेत सकाळ-दुपारचा फरक पाहून लोक पाण्यालाच दोष देऊ लागले आहेत.

पीएचचाही उतार, म्हणजे इलेक्ट्रोडचा प्रतिसाद आदर्शाच्या किती टक्के आहे तो आकडा, 91 टक्क्यांवर आला आहे. कॅलिब्रेशनसाठीचे 10.01 पीएचचे बफर द्रावण दिवाळीपासून उघडे असून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरते, त्यामुळे इलेक्ट्रोड बदलण्याआधी ताजे बफर आणून पाहणेच योग्य ठरेल ना?