अनुभव धागा : परक्या गावात इंग्रजी पुस्तकांचं दुकान कसं गाठायचं?

सोलापुरातून बाहेरदेशी जाणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. कुणी टॉवेलच्या ऑर्डरीसाठी जातं, कुणी मुलाकडे, कुणी परीक्षेला. त्यातल्या वाचणाऱ्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो, तिथं इंग्रजी पुस्तक मिळेल कुठं? ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, 'आम्ही गेलो होतो तेव्हा' तर अजिबात नको. जागा, वार, वेळ, भाव, वजन आणि फसायला कुठं होतं, एवढंच लिहा. नावाऐवजी वर सोलापुरातला आपला भाग टाका.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

जानेवारीत हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनासाठी फ्रँकफर्टला जाणाऱ्यांसाठी. प्रदर्शनाच्या 'मेसे' स्थानकावरून शहराकडे जाणारी एस-३ ते एस-६ यांपैकी कुठलीही गाडी पकडा आणि हाउप्टवाखेला उतरा. तिथून चालत जवळच श्टाइनवेगवर हुगेनडुबेलचं अनेक मजली दुकान आहे, इंग्रजी विभाग बऱ्यापैकी आहे. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. हा नियम सगळ्या देशात पाळतात, त्यामुळं 'शेवटच्या दिवशी रविवारी बघू' असा बेत असेल तर तो आजच मोडा. रविवारी उघडी राहतात ती मोठ्या रेल्वे स्थानकातली पुस्तक-वर्तमानपत्रांची दुकानं. तिथं इंग्रजीचं एखादं कपाट असतं, तेही विमानतळी थाटाचं.

भावाबद्दल. जर्मन पुस्तकाची किंमत कायद्यानं बांधलेली असते, कुठल्याही दुकानात तीच. बाहेरून आलेल्या इंग्रजी पुस्तकांना हे बंधन सहसा लागू नसतं, म्हणून दोन दुकानांत दोन भाव दिसतात. महाग पुस्तक असेल तर एक चक्कर जास्त मारायला हरकत नाही.

आता खरी फसगत. युरोपातल्या साध्या दुकानात 'इंग्लिश' पाटीखाली बराचसा माल शाळकरी मुलांसाठी संक्षिप्त केलेला असतो. मुखपृष्ठ तेच, लेखकाचं नाव तेच, आतली कादंबरी मात्र ऐंशी पानांची. मलपृष्ठावर 'ए-२', 'बी-१' किंवा 'लेव्हल ४' असं काही, म्हणजे भाषेची पातळी, छापलेलं दिसलं की परत ठेवा.

बर्लिनला जाणार असाल तर फ्रीडरिशश्ट्रासवरचं डुसमान. आठवड्याच्या दिवशी रात्री बारापर्यंत उघडं असतं आणि इंग्रजीसाठी आत वेगळं दालनच आहे. दिवसभर कामात असणाऱ्याला याहून सोयीचं दुकान त्या शहरात नाही.

सम्राट चौक

पॅरिसला गेलेला प्रत्येक जण 'शेक्सपिअर अँड कंपनी'चं नाव घेतो. नोत्र दामसमोर, नदीच्या डाव्या काठावर. हे १९५१ साली दुसऱ्याच नावानं उघडलं, सध्याचं नाव १९६४ पासूनचं. १९१९ सालचं मूळ दुकान वेगळं होतं, ते १९४१ मध्ये बंद पडलं. व्हिएन्नाच्या श्टेर्नगासेत आणि प्रागमध्येही शेक्सपिअरच्या नावाची दुकानं आहेत, त्यांचा पॅरिसवाल्यांशी काही संबंध नाही. दोन्ही चांगली आहेत, पण शाखा समजून जाऊ नका.

पॅरिसच्या दुकानाबाहेर दुपारी रांग लागते, आत फोटो काढू देत नाहीत आणि गर्दीत कपाटासमोर निवांत उभं राहता येत नाही. बघायला जरूर जा, सकाळी उघडताना. खरेदीला मात्र दुसरीकडे. र्यू द रिव्होलीवर दोन दुकानं जवळजवळ आहेत. २२४ नंबरचं गालिन्यानी, मुळं १८०१ सालापर्यंत जातात, कला आणि इतिहासाची पुस्तकं उत्तम. २४८ नंबरचं स्मिथ अँड सन, ताज्या ब्रिटिश आवृत्त्या आणि मासिकांसाठी. जुन्या पुस्तकांसाठी लॅटिन क्वार्टरमधल्या र्यू द ला पार्शमिनरीवरचं ॲबी बुकशॉप. एका कॅनडियन माणसानं चालवलेलं हे दुकान इतकं ठासून भरलंय की पाठीवरची सॅक बाहेर ठेवूनच आत शिरावं. मालकाला विषय सांगा, स्वतः शोधत बसू नका.

सेन नदीच्या काठावरच्या जुन्या पुस्तकवाल्यांच्या हिरव्या पेट्यांत इंग्रजी फारसं नसतं. पावसात त्या उघडतही नाहीत. फोटोपुरत्या ठीक.

फ्रान्स-इटलीत छोटी दुकानं सोमवारी सकाळी, कधी दिवसभर बंद असतात. इटलीत दुपारची झोपही असते. फ्लॉरेन्सला व्हिया देल्ले ओकेवर 'पेपरबॅक एक्स्चेंज' आहे, नव्याबरोबर जुनी पुस्तकंही, आणि वाचून झालेली देऊन बदल्यात सूट घेता येते.

जुळे सोलापूर

वरचं सगळं खरं, पण मुळात तिथं जाऊन घ्यायचं काय, हे कुणी लिहीत नाही. जे पुस्तक पुण्याला अप्पा बळवंत चौकात सहज मिळतं ते युरो मोजून आणण्यात काय हशील? नावाजलेल्या कादंबऱ्यांच्या मागे 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं ते उगीच नाही. ती आवृत्ती मुद्दाम स्वस्त काढलेली असते. तेच पुस्तक बाहेर दुप्पट-तिप्पट भावानं पडतं.

बाहेर घ्यायची ती तीनच प्रकारची. त्या देशातल्या लेखकांचे इंग्रजी अनुवाद, जे इकडे येतच नाहीत. त्या शहराचा इतिहास, नकाशे, स्वयंपाक, कारागिरी यावर तिथल्याच छोट्या प्रकाशकांनी काढलेली पुस्तकं. आणि छपाई बंद झालेली जुनी पुस्तकं. बाकी यादी घरीच ठेवा.

आणखी एक. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या 'लिव्रारिया लेलो' या दुकानात आत जायला तिकीट लागतं. पुस्तक घेतलं तर ते पैसे किमतीतून वजा होतात, म्हणजे काहीतरी घेऊनच बाहेर पडा. इमारत १९०६ सालची, देखणी. इंग्रजी संग्रह बेताचा. ब्वेनोस आयरेसचं 'एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड'ही असंच, बघण्यापुरतं. १९१९ सालचं नाट्यगृह, रंगमंचावर कॉफी, बाल्कनीत कपाटं, आणि इंग्रजीचा एक कोपरा.

होटगी रोड

ब्रिटनला परीक्षेसाठी जाणाऱ्या आमच्या डॉक्टर पोरांनी नव्या पुस्तकाच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी धर्मादाय दुकानं बघावीत. ऑक्सफॅमची तर निव्वळ पुस्तकांची वेगळी दुकानं आहेत. पेपरबॅक साधारण दोन ते चार पौंडांत. विद्यापीठाच्या गावात माल चांगला, समुद्रकाठच्या गावात सगळ्या थरारकथा. भाव करायची पद्धत नाही, पैसे दानाला जातात.

लंडनमध्ये रसेल स्क्वेअर स्थानकाजवळ ब्रन्सविक सेंटरच्या तळघरात 'स्कूब' आहे. अभ्यासाची जुनी पुस्तकं शोधायची तर तिथंच. चेअरिंग क्रॉस रोडवर आता पूर्वीइतकी जुनी दुकानं उरली नाहीत, फॉइल्स १०७ नंबरला आहे, आणि शेजारची सेसिल कोर्ट नावाची गल्ली दुर्मीळ पुस्तकांची, खिसा सांभाळून. वॉटर्लू पुलाखाली उघड्यावर जुना बाजार भरतो, तो रोजचाच.

रविवारी इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना सहाच तास उघडं राहता येतं, बहुतेक अकरा किंवा बारापासून. छोट्यांना ही मर्यादा नाही. छापील पुस्तकांवर तिथं व्हॅट शून्य आहे, त्यामुळं विमानतळावर कर परत मागायचा प्रश्नच येत नाही. तशीही ती सोय २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बंद आहे.

वेल्समधलं हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांचं गाव. रेल्वे नाही. हेरफर्डपर्यंत रेल्वेनं, पुढं बस, आणि बसच्या फेऱ्या मोजक्या. परतीची शेवटची बस आधी बघा, मग पहिल्या दुकानात शिरा. रविवारी बस धरून बेत आखू नका. मेच्या अखेरीस साहित्य महोत्सव असतो, त्या दिवसांत खोली मिळणं कठीण.

विजापूर रोड

टोकियोसाठी एकच सूचना, पण महत्त्वाची. शिंजुकूत किनोकुनियाची दोन दुकानं आहेत. बहुतेक जण पूर्व दरवाज्याकडच्या मुख्य दुकानात जातात आणि जपानी पुस्तकं बघून परततात. परदेशी पुस्तकांचं दुकान दक्षिणेला, ताकाशिमाया टाइम्स स्क्वेअर इमारतीत सहाव्या मजल्यावर आहे. स्थानकातून 'न्यू साउथ'च्या पाट्या धरून बाहेर पडा. चुकीच्या दरवाज्यानं निघालात तर वळसा मोठा पडतो. जपानी साहित्याचे इंग्रजी अनुवाद एका जागी इतके दुसरीकडे क्वचितच मिळतील.

जुन्या पुस्तकांसाठी टोकियोतलाच जिंबोचो हा भाग. तिथल्या मुख्य रस्त्याच्या दक्षिण बाजूला दुकानांची रांग आहे, तोंड उत्तरेकडे, म्हणजे उन्हानं पुस्तकं विटत नाहीत. (आपल्याकडच्या रद्दीवाल्यांनी हे शिकावं.) इंग्रजीसाठी तिथलं किताझावा, वरच्या मजल्यावर. रविवारी त्या भागातली बरीच दुकानं बंद असतात, शनिवार धरा.

बँकॉकला सियाम पॅरागॉनमध्ये किनोकुनिया, नवी पुस्तकं. जुन्यासाठी सुखुमवितवर फ्रोम फोंग स्थानकापासून चालत 'दासा'. क्वालालंपूर-सिंगापूरकडे पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली असतात. स्वतः फाडू नका, काउंटरवर सांगितलं की ते उघडून देतात.

आग्नेय आशियात आणि विमानतळांवर नवी पुस्तकं मोठ्या आकाराच्या निर्यात आवृत्तीत येतात, मजकूर तोच, वजन जवळजवळ दुप्पट. तेच पुस्तक वर्षभरानं १२९ बाय १९८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आकारात मिळतं. घाई नसेल तर थांबा.

व्हिएतनाममध्ये रस्त्यावर पाठीवर पुस्तकांची चळत घेऊन फिरणारे विक्रेते दिसतात. ती झेरॉक्स केलेली असतात. करड्या छापाची, वाकडी पानं, कणा दाबला की गोंद तडकतो. प्लास्टिक चढवलेलं असतं ते म्हणूनच. हो ची मिन्ह शहरात मुख्य पोस्टाशेजारी २०१६ साली खास पुस्तकांचा रस्ता केलाय, तिथं अधिकृत माल आणि व्हिएतनामी इतिहासाची इंग्रजी पुस्तकं मिळतात.

भैय्या चौक

डॉ. कोटणीसांच्या समाधीसाठी चीनमधल्या शिजियाझुआंगला जाणारे सोलापूरकर बहुतेक बीजिंगमार्गे जातात, म्हणून लिहिते. वांगफुजिंग रस्त्यावर 'फॉरेन लँग्वेजेस बुकस्टोअर' आहे. तिथून बाहेरची कादंबरी घेऊ नका, महाग असते. घ्यायची ती चिनी सरकारी प्रकाशनाची, म्हणजे फॉरेन लँग्वेजेस प्रेसची पुस्तकं. जुने चिनी ग्रंथ इंग्रजीत, ठोक बांधणीत, युआनमध्ये छापलेल्या रास्त किमतीत. इतिहासाची पुस्तकं सरकारी बाजू सांगतात हे धरून वाचा.

गूगलचे नकाशे तिथं चालत नाहीत, चालवले तरी ठिकाण थोडं सरकलेलं दाखवतात. दुकानाचं नाव आणि पत्ता चिनी लिपीत मोबाइलवर फोटो करून ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा. पैसे अलिपे किंवा वीचॅटवर. आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड त्याला जोडता येतं, पण हे काम घरून निघण्याआधी करा. ओळख पडताळणीला वेळ लागतो आणि भारतीय सिमवर येणारा ओटीपी तिथं आलाच नाही तर सगळं अडतं.

सात रस्ता

दुबईवाल्यांनो, नोव्हेंबरात शारजाचं पुस्तक प्रदर्शन गाठा. एक्स्पो सेंटरमध्ये भरतं, प्रवेश फुकट. भारतीय प्रकाशक भरपूर येतात, त्यांच्याकडे वेळ घालवू नका, ती पुस्तकं इथंच मिळतील. अरब लेखकांचे इंग्रजी अनुवाद बघा. मेट्रो शारजापर्यंत जात नाही आणि संध्याकाळी दुबई-शारजा रस्ता तुंबतो. दुपारी जा, रात्री उशिरा परता.

काठमांडूचं सोपं आहे. भारतीय छापील किंमत गुणिले १.६, तेवढे नेपाळी रुपये, कारण विनिमय दर बांधलेला आहे. ठमेल या पर्यटकांच्या भागात कुणी याहून जास्त सांगितलं तर पुस्तकामागची किंमत दाखवा की. हिमालय, बौद्ध धर्म, गिर्यारोहण यावर मात्र ज्याठाजवळच्या वज्र बुक्ससारखा साठा आपल्याकडे नाही.

पार्क चौक

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' विक्री कधी आहे ते विचारावं. पहिल्या दिवशी बहुधा सभासदांना प्रवेश, निवड चांगली; शेवटच्या दिवशी पिशवीभर पुस्तकं ठरावीक डॉलरला, पण चोथा. खालच्या कडेला काळ्या मार्करची रेघ असेल तर ते न खपलेलं, स्वस्तात काढलेलं नवं पुस्तक, बिनधास्त घ्या. मुखपृष्ठ फाडलेलं पेपरबॅक कुणी विकत असेल तर घेऊ नका. दुकानदार न खपलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाला पाठवतो आणि पैसे परत घेतो, उरलेलं रद्द करायचं असतं.

न्यूयॉर्कला ब्रॉडवे आणि बाराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर स्ट्रँड, मूळ दुकान १९२७ सालचं. बाहेरच्या गाड्यांवरची पुस्तकं आधी चाळा, मग आत. पोर्टलँडचं पॉवेल्स म्हणजे अख्खा चौक. नवं आणि जुनं एकाच फळीवर शेजारी ठेवतात, त्यामुळं हातात आलेली प्रत कुठली ते लेबल वाचून ठरवा. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही, बाकी बहुतेक राज्यांत छापील किमतीवर तो वर चढतो.

रेल्वे लाइन्स

दुकान अजून आहे का, हे तपासायची रीत कुणी लिहिली नाही. जुन्या याद्यांवर विसंबू नका. बीजिंगचं 'बुकवर्म' २०१९ मध्ये बंद झालं, तरी याद्यांत फिरतंय. नकाशावर दुकान उघडा, फोटो तारखेनुसार लावा, गेल्या दोन-तीन महिन्यांतला आतला फोटो नसेल तर फोन किंवा ईमेल करा. ईमेलमध्ये पुस्तकाचं नाव लिहून भागत नाही, ९७८ नं सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन द्या. नाहीतर भलतीच आवृत्ती काढून ठेवतात. शोधताना इंग्रजी नावानं न सापडल्यास विद्यापीठाच्या आसपास शोधा. इंग्रजी शिकवणारं विद्यापीठ असेल तिथं बहुधा एखादं दुकान असतं.

जुळे सोलापूर

वजनाचं राहिलं. नेहमीच्या आकाराचं साडेतीनशे पानी पेपरबॅक अडीचशे ग्रॅम धरा, मोठ्या आकाराचं साडेचारशे, पक्क्या बांधणीचं सहाशेच्या पुढं, चित्रांचं एकेक दीड-दोन किलो. हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी सातच किलो. मोठी बॅग चाकांच्या बाजूनं पुस्तकं आडवी रचून भरा, उभी भरली तर कणे मोडतात. हातातल्या बॅगेत एकावर एक गठ्ठा ठेवला की क्ष-किरणात काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडायला लावतात. म्हणून पसरून ठेवा. पार्सलचा खर्च अनेकदा पुस्तकांहून जास्त होतो, शिवाय आयात छापील पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लावलं गेलं.

होटगी रोड

काका, किडीचंही लिहा की. दमट देशातून आणलेली जुनी पुस्तकं थेट कपाटात ठेवू नयेत. मे महिन्यात आपल्या गच्चीवर उन्हातही नको, गोंद वाळून कणा तडकतो. हवा काढलेल्या घट्ट प्लास्टिक पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, म्हणजे दव पिशवीवर धरतं, पानांवर नाही. मधेच वीज बराच वेळ गेली तर दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.