आधी भरतीची वेळ बघा, मग निघायची ठरवा
मुलांना घेऊन समुद्रकिनारी जाताना पहाटे निघालं की ती गाडीत झोपतात आणि निम्मा रस्ता शांतपणे सरतो, हे मलाही पटतं. पण निघायची वेळ मी भरती-ओहोटी बघूनच ठरवते. एकदा सहा तास गाडी चालवून एका अर्धचंद्राकार किनाऱ्यावर पोचलो, तर ऐन भरती. वाळू दिसेचना, पाणी थेट खडकांना भिडलेलं. मुलांचे पडलेले चेहरे अजून आठवतात.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला तर उधाण. पाणी ओसरत असतानाच वाळूवर उतरा; चढू लागलं की मुलांना खडकांपलीकडे सोडू नका, परतीची वाट आधी बुडते.