डायलरमध्ये लीड फिल्टर लावण्याआधी तो नीट कसा तपासायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी खराडीत एका छोट्या कॉल सेंटरमध्ये टीम लीड आहे. १८ एजंट, डायलर (यादीतले नंबर आपोआप लावणारी प्रणाली) व्हिसीडायल. सध्या वॉटर प्युरिफायरच्या जुन्या ग्राहकांना एएमसी (वार्षिक देखभाल करार) नूतनीकरणाचे फोन चालू आहेत. डायलर बघणारा आमचा मुलगा दिवाळीनंतर सोडून गेला, तेव्हापासून फिल्टर, म्हणजे यादीतल्या कुठल्या लीडना (ग्राहकांच्या नोंदींना) फोन लावायचा याच्या अटी, मीच लिहिते. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) कामापुरतं येतं.

मागच्या शुक्रवारी पुणे शहरासाठी फिल्टर केला. पिनकोड ४११ ने सुरू होणारा, कॉल्ड काउंट (आधी किती वेळा फोन झाला) ४ पेक्षा कमी, आणि स्टेटस एनए किंवा एबी, म्हणजे न उचललेले आणि बिझी लागलेले. फिल्टरच्या पानावर कॅम्पेन निवडून टेस्ट करायची सोय आहे, तीही वापरली. माझा अंदाज साधारण ३,००० लीडचा होता आणि आकडा त्याच्या अगदी जवळ आला. मग निर्धास्तपणे फिल्टर कॅम्पेनला लावला.

दुपारी एका एजंटने मला खूण करून बोलावलं. लाइनवर साताऱ्याचे एक काका होते. "ताई, मी फोन कापतो म्हणजे मला नकोय, एवढंही कळू नये का? हा सातवा फोन आहे." लीड उघडून पाहिली तर पिनकोड ४१५००१, कॉल्ड काउंट ७. तीनपैकी दोन अटींत न बसणारी लीड, तरी डायल झाली. काकांची माफी मागितली आणि लगेच कॅम्पेन थांबवलं. तेव्हापासून मनाला चैन नाही. आकडा बरोबर आला आणि माणसं चुकीची आली, हे झालंच कसं? आणि फिल्टर खऱ्या ग्राहकांवर सोडण्याआधी तुम्ही तो कसा तपासता? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, 'किंवा'भोवती कंस टाकला होता का? एसक्यूएलमध्ये अँड आधी जुळतो, ऑर नंतर. कंस नसेल तर तुमच्या फिल्टरचा अर्थ असा होतो: पुण्यातले, ४ पेक्षा कमी वेळा फोन झालेले एनए, किंवा मग कुठलेही, कितीही वेळा फोन झालेले एबी. काका त्या दुसऱ्या दारातून आत आले. आपल्याकडे माणसाने फोन कापला की बऱ्याचदा तो बिझी म्हणूनच नोंदला जातो. म्हणजे ज्यांनी मुद्दाम कापले, नेमके त्यांनाच तुमचा डायलर पुन्हा पुन्हा लावत बसला. स्टेटससाठी ऑर लिहूच नका, इन वापरा, म्हणजे दोन्ही स्टेटस एकाच कंसात येतात.

आणि फोन किती वेळा करायचा ही मर्यादा फक्त फिल्टरवर सोडू नका. कॅम्पेनमध्ये कॉल काउंट लिमिट वेगळं आहे, तेही लावून ठेवा.

प्रतिसाद २

आकडा जुळण्याचं कारण मला वेगळं दिसतंय. तुमच्या यादीत वाघोली, मांजरी, फुरसुंगी आहे ना? त्यांचे पिनकोड ४१२२०७, ४१२३०७, ४१२३०८. आपण त्यांना पुण्यातच धरतो, पण ४११ च्या अटीत ते बसत नाहीत. ते गळाले आणि बाहेरगावचे बिझी भरले, म्हणून बेरीज अंदाजाजवळ आली. टेस्ट फक्त संख्या दाखवते, आत कोण आहे ते दाखवत नाही.

मी हडपसरला एका सेंटरचा डायलर सांभाळतो. माझी पद्धत सांगतो. फिल्टरचीच अट घेऊन लीडच्या टेबलवर साधी सिलेक्ट क्वेरी चालवायची, शक्यतो रेप्लिकावर (डेटाबेसच्या प्रतीवर), म्हणजे चालू डायलिंगवर ताण येत नाही. पिनकोडचे पहिले तीन आकडे, स्टेटस आणि कॉल्ड काउंट यांवर ग्रुप बाय, म्हणजे गटवार मोजणी. ४१५ किंवा कॉल्ड काउंट ७ ची एक ओळ जरी आली तरी तिथेच थांबायचं.

मग त्याच संपूर्ण अटीला कंसात घालून पुढे नॉट लावायचा आणि बाहेर राहिलेले मोजायचे. आतले अधिक बाहेरचे म्हणजे यादीची एकूण संख्या यायला हवी. कमी भरली तर काही लीडचा एखादा रकाना नल (रिकामा) आहे, आणि बाकी अटींत बसणारी अशी लीड दोन्हीकडे गळते. हा ताळा मी कधीच चुकवत नाही. मला सगळ्यात जास्त चुका यानेच सापडल्या आहेत.

शेवटी दहा-बारा लीडची वेगळी लिस्ट, सगळे नंबर आपल्याच सहकाऱ्यांचे, त्यांना विचारून. काही अटीत बसणाऱ्या, काही एकेका अटीत मुद्दाम नापास होणाऱ्या, एक बिनपिनकोडची. वेगळ्या टेस्ट कॅम्पेनला ही एकच लिस्ट आणि नवा फिल्टर लावायचा, एजंट कोणी लॉगिन करायचा नाही, मिनिट-दोन मिनिटांनी हॉपर (पुढे डायल होणाऱ्या लीडची रांग) उघडून कोण आलं ते नावानिशी बघायचं.

प्रतिसाद ३

वरचं सगळं पटलं, दोन गोष्टी जोडतो. फिल्टर बदलला तरी हॉपरमध्ये आधीच चढलेल्या लीड आपोआप उतरतीलच असं धरू नका. हॉपर रिसेट करा, नाहीतर दुरुस्तीनंतरही जुने नंबर लागतील आणि तुम्ही फिल्टरमध्येच चूक शोधत बसाल. दुसरं, टेस्ट लीड भरताना फोन कोड ९१ द्या. चुकून १ राहिला तर डायलर लीडला अमेरिकेच्या वेळेत धरतो, तिकडे रात्र असेल तर लोकल कॉल टाइममुळे (फोन करायच्या स्थानिक वेळेच्या मर्यादेमुळे) ती हॉपरमध्ये येत नाही, आणि वाटतं फिल्टरने अडवली.

डीएनडीची तपासणी यादी चढवण्याआधीच व्हायला हवी, फिल्टर ते काम करत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कंस नव्हताच. ग्रुप बाय केल्यावर ४१५, ४१३ आणि ४१६ च्या ओळी समोर आल्या, सगळ्या एबी. वाघोली-फुरसुंगीचे ग्राहक पूर्ण बाहेर होते. दुरुस्त फिल्टरवर नॉटचा ताळा घेतला तर एकूण संख्येला ४६ कमी पडतात. त्या सगळ्या लीडचा पिनकोड नल आहे, उद्या एजंटांकडून पत्ते बघून भरून घेते.

टेस्ट लिस्टसाठी टीममधल्या १२ जणांनी आपणहून नंबर दिले. ती हॉपरमध्ये बरोबर दिसेपर्यंत कॅम्पेन बंदच राहील, असं मॅनेजरना सांगितलंय. काकांचा नंबर आमच्या डीएनसी (पुन्हा फोन न करायच्या) यादीत मी स्वतः टाकला. ५ पेक्षा जास्त वेळा बिझी लागलेले आणखी किती आहेत, ते आता काढायला बसले आहे.