पाऱ्याची अतिसंवाहकता समजायला ४६ वर्षे का लागली?

वाटसरू: लायडनच्या प्रयोगशाळेत कामरलिंग ओनेस यांना १९११ साली पाऱ्याचा विद्युतरोध ४.२ केल्व्हिनजवळ (सुमारे उणे २६९ अंश सेल्सियस) एकाएकी नाहीसा झालेला आढळला; या गुणाला अतिसंवाहकता म्हणतात. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांची तो समजावणारी उपपत्ती मात्र १९५७ साली आली. ब्लॉख यांनी १९२८ मध्येच स्फटिकातील इलेक्ट्रॉनांचे पुंजयामिकीय वर्णन केले होते. मग हाच प्रश्न एवढा का अडून राहिला?

रानवारा: पहिली बावीस वर्षे अतिसंवाहक म्हणजे केवळ रोधरहित वाहक असेच मानले जात होते. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ साली दाखवले की क्रांतिक तापमानाखाली, म्हणजे रोध नाहीसा होतो त्या तापमानाखाली, जाताना असा धातू आतले चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. नुसता रोध शून्य झाला असता, तर आधीचे क्षेत्र आतच अडकून राहिले असते. ही पदार्थाची स्वतंत्र समतोल अवस्था आहे हे तेव्हा कळले, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथून सुरू झाला.

चांदणवेल: त्यानंतरची अडचण अधिक खोल होती. आइन्स्टाइन, बोर, हायझेनबर्ग, फाइनमन अशा दिग्गजांचे प्रयत्नही फसले, कारण ब्लॉख यांच्या पद्धतीत प्रत्येक इलेक्ट्रॉनचा सुटा विचार होतो, तर इथे असंख्य इलेक्ट्रॉन मिळून एकच अवस्था घडवतात. पाऱ्याच्या जड समस्थानिकांचे क्रांतिक तापमान कमी असते हे १९५० मध्ये दिसले, तेव्हा अणूंच्या कंपनांचा यात हात असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. पुढे १९५६ मध्ये कूपर यांनी सिद्ध केले की भरलेल्या फर्मी सागरावर (धातूतल्या इलेक्ट्रॉनांनी खालपासून भरलेल्या ऊर्जापातळ्यांवर) कितीही क्षीण आकर्षण असले तरी दोन इलेक्ट्रॉनांची जोडी बांधली जाते. एरवी त्रिमितीत इतके क्षीण आकर्षण दोन कणांना बांधू शकत नाही. म्हणून मला हा टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो.

वाटसरू: आभारी आहे. म्हणजे १९५७ नंतर प्रश्न सुटला असे म्हणावे का?

रानवारा: पारा, शिसे, ॲल्युमिनियम यांच्यापुरता सुटला. बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना १९८६ मध्ये सापडलेल्या ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहकांमधली जोड्या बांधणारी यंत्रणा मात्र अजून वादातच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने तर शुद्ध बिस्मथ सामान्य दाबाखालीही सुमारे ०.५३ मिलिकेल्व्हिनला अतिसंवाहक होतो असे दाखवले. त्यात साधारण एक लाख अणूंमागे एकच मुक्त इलेक्ट्रॉन असल्यामुळे इलेक्ट्रॉनांची फर्मी ऊर्जा (भरलेल्या पातळ्यांतली सर्वांत वरची ऊर्जा) अणुकंपनांच्या ऊर्जेहून खूप मोठी असते हे १९५७ च्या उपपत्तीतले गृहीतकच तिथे लागू पडत नाही.